जिवल्याचा नॉर्मल रिपोर्ट

आरोग्य केंद्र, मासवणच्या पुढे
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

फोन करत नाही. तुला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू अंदाजाने भरतेस. आज अंदाज नको आहे. आमच्या केंद्रातून रक्ताचे नमुने नेणारी गाडी तुझ्या लॅबच्या दारावरूनच जाते. चालक चिराग म्हणाला, "मॅडम, हातात देतो." म्हणून हे पाकीट, आणि सोबत बर्फात ठेवलेली एक नळी.

नळी जिवल्याची आहे. वय चोवीस, करंजपाड्याचा. डोंगरउतारावर नाचणी-वरईपुरती जमीन, पाऊस सरला की कामाला बाहेर. बारा तारखेला तो थंडीतापाने आला. रक्तात मलेरिया, व्हायवॅक्स जातीचा. नियमाप्रमाणे क्लोरोक्विन तीन दिवस दिलं आणि यकृतात लपून बसणाऱ्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस. त्याला बजावलं, एकही गोळी चुकवू नकोस.

सतरा तारखेला त्याची आई भागी त्याला रिक्षात घालून घेऊन आली. डोळे पिवळे, ओठ पांढरे, दोन पावलांत धाप. पाण्याच्या बाटलीत लघवी भरून आणली होती, कोऱ्या चहासारखी काळी. हिमोग्लोबिन ४.६. मी गोळ्या बंद केल्या आणि त्याला पालघरला पाठवलं. तिथे त्याला छान सांभाळलं. काल परत आला, चालत आला.

मला एकच प्रश्न छळतोय. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं संरक्षक द्रव्य जन्मापासून कमी असतं, आणि त्यांना प्रायमाक्विन दिलं की पेशी फुटतात, हे आपण सगळेच परीक्षेपुरतं पाठ करतो. माझ्याकडे ही तपासणी नाही. नियमही म्हणतो, तपासणीसाठी थांबू नका, गोळी द्या आणि लघवीचा रंग बघायला सांगा. मी तेच केलं. तरी पाड्यावरून तक्रार गेली आहे. 'डॉक्टरनीने पोराचं रक्त जाळलं.' सोमवारी चौकशीला कोळगावला जिल्हा आरोग्य कार्यालयात बोलावलंय.

तू ठिपक्याची तपासणी करतेस ना? लगेच कर. उत्तर काय यावं असं मला वाटतंय, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझी,
भाविका


बोईसर
२२ ऑगस्ट २०२५

भाविका,

नळी चांगल्या अवस्थेत मिळाली. ठिपका सुकवला, अतिनील दिव्याखाली धरला. छान चमकला. म्हणजे द्रव्य पुरेसं आहे, जी-सिक्स-पीडी नॉर्मल. हिमोग्लोबिन ८.३. रिपोर्ट सहीसह सोबत आहे, सोमवारी घेऊन जा.

काळी लघवी मलेरियानेही होते, हे चौकशीत सांग. ताठ बस. जेवून जा.

रामनाथदादाचा केळव्याहून निरोप आहे, पोरगी घरी फोन करत नाही म्हणून. बापाला तरी फोन करत जा. त्याला ऐकू येतं.

आत्या


२६ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

सुटले! रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांत हवा पालटली. साहेब म्हणाले, "तपासणी नॉर्मल आहे म्हणजे औषधाचा दोष नाही, मलेरियाच भारी होता." फाईल बंद. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. कुणी बघितलं नाही बहुतेक.

आज जिवल्याला दाखवायला बोलावलं होतं. पालघरला रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या तेव्हापासून गडी खुलला आहे, पिशवीभर काकड्या घेऊन आला. रिपोर्टची एक प्रत प्लास्टिकमध्ये मढवून त्याला दिली. म्हटलं, "जपून ठेव. कुठल्याही डॉक्टरने विचारलं तर हा दाखव." त्याने पाकिटात मतदार कार्डाशेजारी ठेवला.

भागी मात्र कागदाकडे बघतसुद्धा नाही. म्हणते, "माजा भाव चिंतू असाच गेला बाय. ताप आला नि काळं मुतला. भुताळीचं काम हाय, ते कागदावर नाय येत." हे मी ऐकून घेतलं. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तिच्याशी काय वाद घालणार? ओपीडीत अजून साठ माणसं उभी होती.

बाप्पा उद्या येतायत. मी सुट्टी टाकली आहे, बाबांना सांग.

तुझी,
भाविका


बोईसर
१५ सप्टेंबर २०२५

भाविका,

हे पत्र वाचताना खुर्चीत बस.

काल वापीला डॉक्टरांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय हाच. आता हातात मावणारं यंत्र आलं आहे. बोटातून थेंब घ्यायचा, काही मिनिटांत आकडा. ठिपका नुसता 'आहे' किंवा 'नाही' सांगतो, यंत्र किती ते सांगतं. शिकवणारी बाई तुझ्याच वयाची. ती म्हणाली, "पेशी फुटण्याचा झटका ताजा असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नका. आणि रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबा." खोलीत चाळीस डॉक्टर होते, सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि मग मला जिवल्या आठवला.

रक्ताच्या दोन बाटल्या. तू सव्वीस तारखेच्या पत्रात लिहिलंस. मी वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं.

जिवल्याच्या नळीत जवळजवळ निम्म्या पेशी दात्याच्या होत्या. उरलेल्या त्याच्या, पण नव्या कोऱ्या. ज्या जुन्या पेशींत द्रव्य कमी होतं, त्या आधीच फुटून लघवीतून गेल्या होत्या. मी दिव्याखाली पाहिला तो ठिपका जिवल्याचा नव्हताच.

आणि भागीचा भाऊ. हा दोष आईच्या अंगात लपून राहतो आणि मुलात उघडा पडतो. मामा काळं मुतून गेला, भाचा काळं मुतून वाचला. त्या बाईने तुला निदान सांगितलं होतं, तू मला कळवलंस, आणि दोघींनी पान उलटलं.

पुढचं नीट वाच. त्याचा प्रायमाक्विनचा कोर्स पुरा झालेला नाही. जंतू यकृतात तसेच आहेत. ताप परत येणार, कदाचित काही आठवड्यांतच. तो कुठल्या तरी डॉक्टरकडे जाईल. डॉक्टर चांगला असेल तर गोळी देण्याआधी विचारेल, जी-सिक्स-पीडी केली का? आणि जिवल्या पाकिटातून माझ्या सहीचा कागद काढेल.

तो कागद परत घे. आजच.

आत्या


१७ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू म्हणतेस ते शक्य आहे, पण ते 'शक्य'च आहे. खात्री कशाची? तीन महिन्यांनी परत तपासू, तेव्हा खरं-खोटं कळेल. तोपर्यंत मी काय लिहू कोळगावला? 'ज्या रिपोर्टवर तुम्ही मला सोडलंत तो आमच्याच घरातल्या लॅबचा आणि चुकीचा'? आत्या-भाचीने मिळून कागद केला, असंच म्हणतील. माझं प्रोबेशन संपायला चार महिने आहेत.

जिवल्याला मी निरोप पाठवते, ताप आला तर आधी माझ्याकडेच ये म्हणून. तेवढं पुरे नाही का?

भाविका


बोईसर
१८ सप्टेंबर २०२५

भाविका,

नाही. पुरे नाही.

खात्रीचं विचारलंस म्हणून सांगते. तुझी नळी आली त्या दिवशी मी काचही केली होती. सूक्ष्मदर्शकात दोन जातींच्या पेशी सरळ दिसत होत्या, एक भरलेल्या, एक फिकट. काहींच्या कडा कुणी चावा घेतल्यासारख्या. साडेचारवरून हिमोग्लोबिन चार दिवसांत आठवर आपोआप जात नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. मी एक प्रश्न विचारायला हवा होता, 'रक्त दिलं का?' पण तुझं पत्र समोर होतं. तुला कुठलं उत्तर हवंय हे मला माहीत होतं, ठिपका चमकला, आणि मला ते पुरलं. काचेबद्दल मी रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली नाही.

हे तुझं पाप नाही, माझं आहे. रिपोर्ट मागे घेतल्याचं पत्र सहीसह सोबत जोडलं आहे. 'नमुना रक्त दिल्यानंतरचा, म्हणून ग्राह्य नाही.' एक प्रत मी स्वतः टपालाने कोळगावला पाठवते आहे. तू तुझी पाठव किंवा नको पाठवू, तुझ्या हातात आहे.

पण निरोप पाठवू नकोस. पाड्यावर स्वतः जा.

आत्या


२३ सप्टेंबर २०२५

आत्या,

गेले होते. शनिवारी, पुन्हा सोमवारी. जिवल्या नाही. गणपती झाल्यावर कामाला गेला. फोन बंद. आमची आशा सेविका दीपिका सांगते, बोईसरच्या नाक्यावर त्याला कुणीतरी पाहिलंय, सरावलीच्या कामगार वस्तीकडच्या ट्रकमध्ये चढताना. एवढंच.

भागीला माहीत आहे. तिच्या चेहऱ्यावर दिसतं. मी विचारलं, "कुणाकडे राहतो?" ती भाताच्या बांधावर उभी राहून म्हणाली, "नाय म्हाईत." मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा तिने पाठ फिरवली. माझ्यावर राग आहे तिचा, आणि तो बरोबर आहे.

बरोबर का, ते आज लिहिते. तुला काचेचं लिहिता आलं, मलाही हे लिहिता आलं पाहिजे. पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, 'लघवीचा रंग बघायला सांगा, मी तेच केलं.' केलं नव्हतं. त्या दिवशी ओपीडीत एकशे चाळीस माणसं होती. मी फक्त 'एकही गोळी चुकवू नकोस' एवढंच म्हटलं आणि पुढचा केसपेपर घेतला. जिवल्याला तिसऱ्या दिवशी काळी लघवी झाली होती. तरी त्याने आणखी तीन गोळ्या घेतल्या, कारण मी सांगितलं होतं. तो इतका आज्ञाधारक नसता तर बरं झालं असतं.

चौकशीत मी 'सूचना दिली होती' असं लिहून दिलंय. काल ते पत्र दुरुस्त करून पाठवलं. तुझ्या पत्राची प्रतही जोडली. आता काय व्हायचं ते होवो. पण तो सरावलीत हजारो खोल्यांत कुठेतरी आहे, आणि पाकिटात तो कागद आहे. आत्या, मी काय करू?

भाविका


बोईसर
२६ सप्टेंबर २०२५, दुपार

भाविका,

मेसेज केला आहेच, पण सगळं त्यात मावत नाही.

परवापासून लॅब बंद ठेवून सरावलीतले दवाखाने पालथे घालते आहे. एका पानावर जिवल्याचं नाव, वय आणि 'प्रायमाक्विन देऊ नये' एवढं छापून घेतलं. बाविसाव्या दवाखान्यात डॉक्टर दर्पण म्हणून तरुण मुलगा आहे. त्याने पान वाचलं आणि खुर्चीतून उठला.

"मॅडम, हा आला होता. मंगळवारी. व्हायवॅक्स. मी विचारलं जी-सिक्स-पीडीचं, त्याने लगेच रिपोर्ट काढला. मी म्हटलंसुद्धा, शाब्बास, असा पेशंट पाहिजे."

त्याने चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. मंगळवारपासून. आज चौथा दिवस. फोन नंबर तोच, बंद असलेला. पत्त्याच्या जागी फक्त 'मामीकडे'.

कुठली मामी? कुणाची? भागीला विचार. या क्षणी जा. माझ्या सहीच्या कागदाने तो मरतो आहे.

आत्या


२७ सप्टेंबर २०२५, सकाळ

आत्या,

पाड्यावर रेंज नाही, म्हणून पत्ता तुला रात्री उशिरा मेसेजने गेलाय, तू निघालीही असशील. तरी हे लिहून चिरागकडे देते, कारण काल जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला ओपीडी सुरू करता येणार नाही.

चार वाजता करंजपाड्यावर पोचले. भागी अंगणात वरई पाखडत होती. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "भागीबाय, काळी लघवी झाली तर गोळी थांबवायची, हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आणि आता तिकडे तो त्याच गोळ्या खातोय."

सूप थांबलं.

"मंग काळं मुतल्यावर बी त्यानं गोळ्या खाल्ल्या, त्या तू बोललीस म्हनून?"

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "चिंतूला बी ताप आलेला. मिठागरावं होता, तिकडच्या कंपाऊंडरनं गोळ्या दिलेल्या. काळं मुताया लागला तवा त्याची बायको बोलली, गोळ्या बंद करा, गोळ्यांनी व्हतंय. आमी नाय आयकलं. आमी बोललो, हीच कायतरी खाया घालते नि गोळ्यांवर ढकलते. तो गेला. भगतानं भुताळी म्हनून तिचं नाव काढलं."

"कुणाचं नाव?"

"माज्या तोंडात नाय येत ते नाव, बाय. मीच तिला पाड्याभायेर काडली. मीच पयला धोंडा टाकला तिच्या झोपडीवं." ती सूप धरून तशीच बसली. "जिवल्या तिच्याकडं राहतो. मला समदं म्हाईत व्हतं. बायडी नाव हाय तिचं. टाकीच्या मागं खानावळ हाय."

आत्या, ती माझ्यावर रागावून गप्प नव्हती. मी सगळं उलटं समजत होते.

मला दुसरं काही सुचत नाहीये. जिवल्या सापडला का, एवढंच कळव.

भाविका


बोईसर
२९ सप्टेंबर २०२५

भाविका,

सापडला. जिवंत आहे. शनिवारी मेसेजमध्ये एवढंच लिहिलं, आता सावकाश सांगते.

टाकीमागे पत्र्याची लांब शेड, पुढे दोन चुली. आठ-दहा कामगार पाटांवर बसले होते. "मौसी, दो रोटी और." भाकऱ्या थापणारी बाई पंचेचाळिशीची, काटक, केस अर्धे पांढरे. मी विचारलं, "बायडी कोण?" तिने हात पुसले नाहीत. विचारलं, "कोन पाटवलं?"

मी म्हटलं, "मी डॉक्टर आहे. जिवल्याच्या गोळ्या कुठे आहेत?"

"गटारात." ती भाकरी उलटवत म्हणाली. "गुरवारीच फेकल्या."

मी तिथेच एका पाटावर बसले.

ती मला मागे घेऊन गेली. जिवल्या गोधडीवर पडून होता, फिकट, पण शुद्धीत. मला बघून उठायला लागला आणि पहिलं काय केलं असेल? पाकिटातून तो कागद काढून माझ्यापुढे धरला. "रिपोर्ट नॉर्मल हाय, मॅडम." मी तो त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्यासमोर फाडला. प्लास्टिक फाटेना, शेवटी बायडीने विळी दिली.

भिंतीला खिडकीचा कोनाडा आहे. त्यात तीन बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. बायडीने एकेकीवर बोट ठेवलं. "ही परवाची. ही कालची. ही आजची." पहिली कोऱ्या चहासारखी, दुसरी तांबूस, तिसरी जवळजवळ पिवळी. "तीन गोळ्या खाल्ल्या नि पयली बाटली झाली. तवाच वळखली मी. चिंतूची बी अशीच व्हती. तवा माजं कुनी आयकलं नाय, म्हनून आता बाटल्या भरून ठेवल्या. कुनी आला तर दावाया."

चाळीस वर्षं मी नळ्या ओळीने लावते, भाविका. इतकी स्वच्छ मालिका मी क्वचित पाहिली असेल. आणि या बाईला शाळेचं दार माहीत नाही.

हिमोग्लोबिन ७.८. दर्पण स्वतः त्याला गाडीत घालून रुग्णालयात घेऊन गेला, रात्रंदिवस लक्ष ठेवून आहे. रक्त चढवायची गरज पडली नाही, आज ८.१ आहे. तीन गोळ्यांवर थांबलं म्हणून वाचला. चौदापैकी आठ गोळ्या जरी पोटात गेल्या असत्या, तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं.

काल रुग्णालयात भागी आली. एसटीने, एकटी. बायडी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. भागीने पोराच्या कपाळाला हात लावला, मग पिशवीतून घरचे तांदूळ काढून बायडीच्या पायांशी ठेवले आणि मागे सरकून भिंतीशी उभी राहिली. बायडीने तांदळाला हात लावला नाही. पण उठून गेलीही नाही.

मी बाहेर आले. तिथे मला काही काम नव्हतं.

आत्या


आरोग्य केंद्र
१९ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तीन महिने फक्त निरोपांवर चाललं, आज मात्र नीट पत्र.

आधी माझं. कोळगावचा निकाल आला. सूचना न दिल्याबद्दल आणि चुकीचा जबाब दिल्याबद्दल लेखी ताकीद, प्रोबेशन सहा महिने वाढलं. साहेब म्हणाले, "स्वतःहून दुरुस्ती पाठवली नसती तर तुम्ही घरी बसला असतात." बाबा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पानांची जुडी आणि सुपारी घेऊन केंद्रावर आले, जसं काही मीच खाते. आता आमच्या प्रायमाक्विनच्या पाकिटावर दोन बाटल्यांची चित्रं छापलेली असतात, एक पिवळी, एक काळी, काळीवर फुली. वाचता येणं न येणं, काही अडत नाही.

आता जिवल्याचं. डिसेंबरात पुन्हा ताप आला, तेव्हा फक्त क्लोरोक्विन दिलं. आणि गेल्या आठवड्यात, शेवटचा झटका बसल्याला साडेतीन महिने झाल्यावर, तू मागवलेलं ते यंत्र घेऊन करंजपाड्यावर शिबिर लावलं. जिवल्याचा आकडा नॉर्मलच्या अकरा टक्के. यंत्रावर आकडा आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मला ते सप्टेंबरातच कळलं होतं. भागीच्या दोन बहिणींची मुलं तपासली, त्यांतल्या एकाचा तेरा. त्याला आजवर मलेरिया झालेला नाही. होईल तेव्हा त्याच्याकडे खरा कागद असेल.

शिबिराला बायडी आली होती. भागी स्वतः सरावलीला जाऊन घेऊन आली, एकोणीस वर्षांनी. लोक लांब उभे राहिले. मी सगळ्यांना समजेल असं सांगितलं, हा दोष आईकडून कसा येतो, गोळीने काय होतं, चिंतूचं काय झालं असावं. एक म्हातारा मागून म्हणाला, "चिंतूचा कागद हाय का?"

मी खरं ते सांगितलं. मेलेल्या माणसाची तपासणी होत नाही. बहिणीच्या मुलात दोष आहे, लक्षणं तीच होती, औषध बहुधा तेच होतं. शंभर टक्के मी लिहून देऊ शकत नाही.

मग भागी पुढे आली. आत्या, मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "कागद नको. भगताकडं तरी कुटं कागद व्हता? हिनं तवाच सांगितलं, गोळ्या बंद करा. आयकलं असतं तर चिंतू आज म्हातारा झाला असता. मी खोटी हाय. ही नाय." आणि तिने ओटीवर दोघींसाठी चहा ठेवला, दोन कपांत. बायडीने कप उचलायला खूप वेळ घेतला. सगळा पाडा बघत होता. शेवटी तिने प्यायला, आणि संध्याकाळच्या एसटीने ती सरावलीला परत गेली. राहिली नाही. राहा म्हणायची कुणाची हिंमतही झाली नाही.

उपचार मात्र पुरा करायचाच आहे, नाहीतर दर दोन-तीन महिन्यांनी ताप येत राहील. इतका दोष असलेल्या माणसाला प्रायमाक्विन रोज देत नाहीत, आठवड्यातून एकदा देतात, आठ आठवडे, रक्तावर आणि लघवीवर लक्ष ठेवून. रक्त दर्पण बघतो. जिवल्या सरावलीतच राहतो, तेव्हा रोज लघवी बघणारं तिथलं माणूस हवं होतं. मी जिवल्याला विचारलं, कोण? तो हसायला लागला.

पहिली गोळी आज सकाळी सरावलीला जाऊन माझ्यासमोर दिली. मी बायडीला माझा नंबर दिला, आणि केंद्रात रेंज धड नसते म्हणून परतल्यावर आमच्या पाण्याच्या टाकीवर माझा फोन घेऊन दीपिकाचा भाऊ बसवला, फोन आला की हाक मारायला. उगाच. मीच सारखी बाहेर जाऊन उभी राहत होते. साडेपाचला फोन वाजला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी भाकरी मागत होतं.

"बाय, मी बायडी."

"बोला."

"पिवळी हाय."

"नीट बघितलीत ना? उजेडात?"

तिने भाकरी मागणाऱ्याला 'थांब रं' म्हटलं. मग म्हणाली, "मी बगितली म्हंजे बगितली."

तुझी,
भाविका